बॉक्स एकमध्ये न दिसणारे पैसे

जानेवारी संपता संपता अमेरिकेतल्या नोकरदाराच्या घरी कराचे कागद यायला लागतात. कंपनीकडून डब्ल्यू-२ येतो: वर्षभरात पगार किती दिला, कर किती कापला. घरात कोणी शिकत असेल तर विद्यापीठाकडून १०९८-टी येतो: फी किती जमा झाली. माझी भाची न्यू जर्सीत एका विमा कंपनीत नोकरी करते आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मास्टर्स करते आहे. गेल्या वर्षी तिने ९,००० डॉलर फी भरली आणि कंपनीने ती सगळी तिला परत केली. तिच्या १०९८-टीवर ९,००० हा आकडा होता, डब्ल्यू-२ वर पगाराचा आकडा होता. कंपनीने फी परत केली, याचा उल्लेख मात्र दोन्ही कागदांवर नव्हता.

"मामा, मग हे पैसे रिटर्नमध्ये दाखवायचे कुठे?" तिने फोनवर विचारलं.

त्यातले ५,२५० डॉलर कुठेच दाखवायचे नाहीत. उरलेले ३,७५० कंपनीने तिच्या पगारात आधीच मिळवून टाकले होते, तिला ते तिथे ओळखता आले नव्हते एवढंच. कंपनीने शिक्षणासाठी दिलेल्या पैशांचा गोंधळ बहुतेक घरांत इथूनच सुरू होतो. माणूस रिटर्नमध्ये एक ओळ शोधत असतो, आणि ती ओळ फॉर्मवर नसते.

या सवलतीचं मूळ अमेरिकेच्या आयकर कायद्यातल्या कलम १२७ मध्ये आहे. कंपनीची लेखी शैक्षणिक साहाय्य योजना असेल, तर एका कॅलेंडर वर्षात ५,२५० डॉलरपर्यंतची मदत कर्मचाऱ्याचं उत्पन्न धरलीच जात नाही. आयकर तर लागत नाहीच, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांची मिळून ७.६५ टक्क्यांची कपातही होत नाही. म्हणून ही रक्कम डब्ल्यू-२ च्या बॉक्स १ मध्ये येत नाही, बॉक्स ३ आणि ५ मध्येही येत नाही. काही कंपन्या माहितीसाठी बॉक्स १४ मध्ये ती नोंदवतात, पण तसं करायची सक्ती नाही. ट्यूशन, फी, पुस्तकं आणि अभ्यासाचं साहित्य यात बसतं. जेवण, राहणं आणि येण्याजाण्याचा खर्च बसत नाही. कोर्स संपल्यावर आपल्याकडेच राहणारी उपकरणंही, पाठ्यपुस्तकं सोडली तर, बसत नाहीत. खेळ किंवा छंदाचे वर्ग चालत नाहीत. त्यांचा कंपनीच्या धंद्याशी संबंध असेल किंवा पदवीसाठी ते सक्तीचे असतील तरच चालतात.

या कलमाची एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. तुमचा कोर्स तुमच्या कामाशी जुळतो का, हे ते विचारत नाही. हिशेबनिसाने इतिहास शिकावा, गोदामातल्या माणसाने नर्सिंग शिकावं, कलम १२७ ची हरकत नाही. कंपनी आपल्या धोरणात वेगळी अट घालू शकते. बी ग्रेड मिळाली तरच पैसे परत, दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, कोर्स आमच्या खात्याशी संबंधित हवा, या सगळ्या अटी कंपनीच्या. कायद्याची नजर दुसरीकडे असते. योजना लेखी आहे का, ती फक्त वरच्या पगारवाल्यांच्या सोयीची तर नाही ना, आणि कर्मचाऱ्याला 'फी घे नाहीतर तेवढी रोख घे' असा पर्याय तर दिलेला नाही ना, हे कायदा पाहतो. तसा पर्याय दिला की सवलत जाते. त्यामुळे पगारातून ५,२५० कमी करून तेवढी फी कंपनीकडून भरून घ्यायची, ही युक्ती चालत नाही. अनेकांना ती सुचते म्हणून मुद्दाम सांगितलं.

ही मर्यादा माणसामागे आहे, नोकरीमागे नाही. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली आणि दोन्ही कंपन्यांनी फी दिली, तरी करमुक्त रक्कम दोन्हींची मिळून ५,२५० च. प्रत्येक कंपनी स्वतःपुरतं पाहते, त्यामुळे दोन्ही डब्ल्यू-२ आपापल्या जागी बरोबर असतात आणि बेरीज चुकते. ती जबाबदारी रिटर्न भरणाऱ्याची. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षात नेताही येत नाही. नवराबायको दोघंही नोकरी करत असतील तर प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र. पण एकाच्या कंपनीने दुसऱ्याची फी भरली तर ती कलम १२७ मध्ये बसत नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत नवरा किंवा बायको एच-१बी व्हिसावर नोकरीत आणि जोडीदार एच-४ वर असतो, आणि एच-४ वर शिकता येतं. त्या शिक्षणाचा खर्च नोकरी करणाऱ्याच्या कंपनीने केला, तर तो नोकरी करणाऱ्याचा करपात्र पगार होतो. नोकरी करणारा स्वतः शिकत असेल तर त्याचा व्हिसा कोणता, याने कलम १२७ ला फरक पडत नाही.

५,२५० हा आकडा आला कुठून? कलम १२७ जन्मलं १९७८ च्या करकायद्यातून, आणि सुरुवातीला त्याला वरची मर्यादाच नव्हती. ते काही वर्षांच्या बोलीवर आणलेलं होतं. १९८३ अखेर त्याची मुदत संपली, मग ५,००० डॉलरच्या मर्यादेसह ते पुन्हा आलं. १९८६ मध्ये मर्यादा ५,२५० झाली आणि तिथेच थांबली. ग्राहक किमतींच्या हिशेबाने १९८६ चे ५,२५० डॉलर आज १५ हजारांच्या घरात जातात. म्हणजे कायद्याचा शब्द न बदलता चाळीस वर्षांत सवलत जवळजवळ एक तृतीयांशावर आली, आणि याच काळात विद्यापीठांच्या फी महागाईपेक्षा जास्त वेगाने वाढल्या.

मध्यंतरी या कलमाचं आयुष्य फार अस्थिर होतं. मुदत संपायची, संसद ती वाढवायची, कधी मागच्या तारखेपासून वाढवायची. १९९४ अखेर ते असंच संपलं. १९९५ मध्ये कंपन्यांनी शिकणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मदतीवर कर कापला, आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये संसदेने सवलत मागील तारखेपासून परत दिली. ज्यांचा कर कापला गेला होता त्यांना तो परत मागत बसावं लागलं. त्याच दुरुस्तीत पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९६ च्या मध्यापासून सवलतीबाहेर गेले, ते २००१ संपेपर्यंत बाहेरच राहिले. पुण्या-मुंबईहून वायटूकेच्या कामासाठी माणसं इकडे येत होती, ती हीच वर्षं. त्यांच्यातले जे नोकरी सांभाळून मास्टर्स करत होते, त्यांना या कलमाचा उपयोग नव्हता. संध्याकाळी सहाला ऑफिस सोडून वर्गात जाऊन बसणाऱ्या माणसाला पुढच्या सत्रात ही सवलत असेल की नाही हे ठाऊक नसणं, हे मला अन्यायाचं वाटतं. जानेवारी २०१३ मध्ये सही झालेल्या कायद्याने कलम १२७ कायमचं झालं. आणि जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ नंतरच्या वर्षांसाठी ही मर्यादा महागाईशी जोडली. चाळीस वर्षं थिजलेला आकडा आता हलेल.

भाचीच्या उरलेल्या ३,७५० डॉलरकडे येतो. मर्यादेवरची रक्कम साधारणपणे पगार धरली जाते आणि तिच्यावर सगळे कर लागतात. भाची आणि तिचा नवरा एकत्र रिटर्न भरतात. दोघांचं मिळून उत्पन्न दीड लाख डॉलर, म्हणजे वरच्या पैशांवर केंद्राचा २२ टक्के कर. ३,७५० चे २२ टक्के ८२५ डॉलर, त्यात ७.६५ टक्क्यांचे सुमारे २८७. एकूण १,११२ डॉलर गेले. राज्याचा कर वेगळा. राज्यांचे नियम केंद्रासारखेच असतील असं धरून चालू नये, म्हणून डब्ल्यू-२ च्या बॉक्स १ बरोबर बॉक्स १६ ही पाहावा.

पण या जास्तीच्या रकमेला आणखी एक दार आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. कलम १३२ असं म्हणतं की जो खर्च कर्मचाऱ्याने स्वतः केला असता तर कामाचा खर्च ठरला असता, तो कंपनीने केला तर त्यावर कर नाही. कोर्सने सध्याच्या कामाचं कौशल्य टिकत किंवा वाढत असेल, किंवा नोकरी, पद, पगार टिकवायला कंपनीने अथवा कायद्याने तो सक्तीचा केला असेल, तर तो यात बसू शकतो. इथे ५,२५० ची मर्यादा नाही. मात्र दोन ठिकाणी हे दार बंद होतं. त्या पेशात शिरायला किमान लागणारं शिक्षण यात येत नाही, आणि तुम्हाला नव्या पेशासाठी पात्र करणारं शिक्षणही येत नाही. तुम्ही त्या नव्या पेशात जाणार नसलात तरी येत नाही. वकिलीची पदवी घेणारा विमा कंपनीचा दावे अधिकारी 'मला कोर्टात उभं राहायचंच नाही' असं शपथेवर म्हणाला, तरी उपयोग नाही. पदवीने तो वकील व्हायला पात्र होतो, तेवढं पुरेसं आहे.

एमबीए मात्र अधांतरी लोंबकळत असतं. एमबीए झाल्याने कुठला परवाना मिळत नाही, त्यामुळे ते नव्या पेशाचं दार आहे की जुन्या पेशाची धार, हे ज्याच्या त्याच्या कामावरून ठरतं. मेरिलँडमधल्या एका परिचारिकेची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. ती रुग्णालयात गुणवत्ता तपासणीचं काम पाहत होती आणि तिने आरोग्य व्यवस्थापनातलं एमबीए ऑनलाइन केलं. १५ हजार डॉलरच्या आसपासचा खर्च तिने कामाचा म्हणून वजा केला. कर खात्याने तो नाकारला. वकील न लावता ती टॅक्स कोर्टात स्वतः उभी राहिली आणि २००९ मध्ये जिंकली. ती ज्या प्रकारचं काम आधीपासून करत होती, त्याच प्रकारचं काम पदवीनंतरही करत होती. एमबीएने ती त्यात जास्त तयार झाली, नव्या पेशात गेली नाही, असं न्यायाधीशांनी मानलं.

आज तिच्या वाटेने जाता येणार नाही. नोकरदाराने कामाचा खर्च स्वतःच्या रिटर्नमध्ये वजा करायची सोय २०१८ पासून बंद झाली आणि २०२५ च्या कायद्याने ती बहुतेकांसाठी कायमची गेली. कसोटी मात्र कंपनीच्या हातात अजून जिवंत आहे. तोच खर्च कर्मचाऱ्याने खिशातून केला तर वजावट शून्य, कंपनीने कामाची गरज म्हणून केला तर कर शून्य. म्हणून कंपनी ५,२५० च्या वर देत असेल, तर शिकायला सुरुवात करतानाच एचआरला लेखी विचारावं की वरची रक्कम तुम्ही पगारात धरणार की कामाची गरज म्हणून. सोबत आपल्या कामाचं वर्णन आणि कोर्सचा आराखडा जोडावा. भाचीने हे विचारलं नव्हतं. विमा कंपनीत आकडेवारीचं काम करणारी मुलगी संख्याशास्त्र शिकते आहे, तेव्हा मुद्दा मांडण्यासारखा नक्कीच होता. डब्ल्यू-२ हातात पडल्यावर स्वतःच त्यातून रक्कम वजा करून रिटर्न भरणं हा मार्ग नाही. दुरुस्त डब्ल्यू-२ कंपनीनेच द्यायचा असतो.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. नोकरी करत शिकणाऱ्याला 'लाइफटाइम लर्निंग क्रेडिट' मिळू शकतं: १०,००० डॉलरपर्यंतच्या फीच्या २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर, तेही थेट करातून कमी. उत्पन्नाची अट आहे. एकट्याचं ८० हजार किंवा जोडप्याचं १ लाख ६० हजार डॉलर ओलांडलं की क्रेडिट घटायला लागतं, आणि ९० हजार किंवा १ लाख ८० हजारांवर संपतं. यासाठी ८८६३ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. भाचीने सॉफ्टवेअरमध्ये १०९८-टी वरचे ९,००० जसेच्या तसे घातले होते. 'करमुक्त मदत मिळाली का?' हा प्रश्न सॉफ्टवेअरने विचारला होता. कुठल्याच कागदावर तसं काही नव्हतं, म्हणून तिने 'नाही' दाबलं होतं. १,८०० डॉलरचं क्रेडिट तयार.

ते चूक होतं. ज्या पैशांवर करच लागला नाही, त्याच पैशांच्या जोरावर पुन्हा क्रेडिट घेता येत नाही. ९,००० मधून करमुक्त ५,२५० वजा करायला हवे होते. उरले ३,७५०, त्यांचे २० टक्के ७५० डॉलर. १,०५० डॉलर तिने जास्त मागितले असते. कर खात्याने पुढे कधी विचारलं असतं तर ते व्याजासकट परत करावे लागले असते, दंडाची शक्यता वेगळीच.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू लोक सोडून देतात. फी कंपनीनेच दिली, तेव्हा आपल्याला क्रेडिट नाहीच, असं समजून काहीजण ८८६३ उघडतच नाहीत. ते ३,७५० डॉलर पगार म्हणून करपात्र झाले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तेवढी फी भाचीने स्वतःच्या पगारातून भरली. तिच्यावर क्रेडिट घेण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. १,११२ डॉलर कर गेला, ७५० परत आले. अंगावर पडला तो साडेतीनशे डॉलरच्या जरा वर. कोणी मागच्या वर्षांत हे क्रेडिट सोडलं असेल, तर मूळ रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स भरून ते मागता येतं.

कंपनीऐवजी विद्यापीठातच नोकरी असेल तर नियम वेगळे. कर्मचाऱ्याच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबून असलेल्या मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाची फी विद्यापीठाने माफ केली, तर त्यावर मर्यादेविना कर नाही. पदव्युत्तर फीमाफी करमुक्त होते ती शिकवणाऱ्या किंवा संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी. महाराष्ट्रातून पीएचडीला आलेली बहुतेक मुलं याच सुटीवर तगून असतात. फी माफ, आणि हातात येणारं विद्यावेतन तेवढं करपात्र. २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या मसुद्यात ही सूट काढायचा प्रस्ताव होता. वर्षाला २५-३० हजार डॉलर मिळवणाऱ्याला, कधी हातातही न आलेल्या ४० हजारांच्या फीवर कर भरावा लागला असता. नोव्हेंबरच्या अखेरीस देशभर पदव्युत्तर विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले, आणि अंतिम कायद्यात सूट राहिली. आपल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. अनिवासी म्हणून १०४०-एनआर भरणाऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन सहसा मिळत नाही, पण भारत-अमेरिका करारातल्या २१ व्या अनुच्छेदामुळे भारतीय विद्यार्थ्याला ते मिळतं. शिक्षणाची क्रेडिट्स मात्र अनिवासींना साधारणपणे मिळत नाहीत.

कंपनीने फी दिली आणि आपण मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे परत द्यावे लागतात. त्यातला जो भाग करमुक्त होता, तो परत केल्याने करात काही बदलत नाही. ज्या भागावर आधी कर भरला होता, तो त्याच वर्षी परत केला तर कंपनी डब्ल्यू-२ नीट करते. पुढच्या वर्षी परत केला आणि रक्कम ३,००० डॉलरच्या वर असेल, तर आधी भरलेला कर वळता करून घेण्याची तरतूद आहे. ३,००० च्या आत असेल तर आयकर गेला तो गेलाच. नोकरी सोडण्याची तारीख हातात असेल, तर हा हिशेब करूनच ती ठरवावी.

राहिलं कर्ज. २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या मदतीच्या कायद्यात, कलम १२७ मध्ये एक वाक्य वाढलं: कंपनी कर्मचाऱ्याच्या शिक्षणकर्जाचे हप्तेही याच ५,२५० मध्ये करमुक्त फेडू शकते. तीही सुरुवातीला तात्पुरतीच सोय होती, २०२५ मध्ये कायम झाली. मुद्दल चालतं, व्याजही चालतं. फक्त कंपनीने करमुक्त फेडलेल्या व्याजावर आपण २,५०० डॉलरपर्यंतची शिक्षणकर्ज-व्याजाची वजावट पुन्हा घ्यायची नाही. कर्ज स्वतःच्या शिक्षणासाठी स्वतः घेतलेलं हवं, मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेलं नको, नातेवाइकाकडून घेतलेलं नको. कर्ज अमेरिकन बँकेचंच हवं, अशी अट मात्र कायद्यात नाही.

हे मी भाचीला सांगत होतो तेव्हा तिचा धाकटा भाऊ शेजारी बसून ऐकत होता. त्याने मास्टर्ससाठी पुण्यातल्या बँकेतून कर्ज घेतलं, हप्ते अजून तो इथून रुपयांत पाठवतो, आणि त्याच्या नव्या कंपनीच्या योजनेत कर्जफेड आहे. वडील तिकडे जुन्या करप्रणालीत ८०ई खाली व्याजाची वजावट घेत होते का, हेही आता पाहावं लागेल; हप्ते ते स्वतः भरत नसतील तर ती त्यांना घेता येत नाही. कर्जाच्या करारावर मुख्य कर्जदार कोण आणि सहकर्जदार कोण, हे त्याला आठवत नव्हतं. त्याने त्याच रात्री कोथरूडला फोन लावला आणि बाबांना कपाटातली निळी फाइल काढायला सांगितली.